टेक्ससच्या माळावरची शाळा

अमेरिकेहून परतलेल्या माणसाला आपल्याकडे पहिला प्रश्न विचारतात तो नायगाऱ्याचा. "पाहिलात ना?" असे विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावरच 'होय' लिहिलेले असते. मी नायगारा पाहिला नाही. न्यूयॉर्कची ती मशालवाली बाईही पाहिली नाही. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी ताईकडे डॅलसजवळ महिनाभर राहिले आणि त्या महिन्यात ज्याला प्रवास म्हणावा असा एकच केला. तो होता उत्तर टेक्ससच्या माळावरच्या एका लहान गावी, एका शाळेत. बावीस वर्षे वर्गात उभी राहिलेली बाई परमुलखात जाऊन पुन्हा वर्गच पाहून आली, याचे घरी सर्वांना हसू आले. परंतु त्या वर्गाने मला जितके अस्वस्थ केले, तितके कुठल्या धबधब्याने केले असते असे वाटत नाही.

कारण घडले ते असे. ताईची मुलगी, माझी भाची, तिकडेच जन्मली, तिकडेच शिकली. घरातले सगळे संगणकात, आणि हिने मात्र शिक्षिका व्हायचे ठरवले. पहिली नोकरी मिळाली ती आडगावी, चौथीच्या वर्गावर. गावाचे नाव मी मुद्दाम सांगत नाही. का ते पुढे कळेलच. मे महिन्याच्या मध्याला, तिकडची शाळा सुटण्याच्या आधीच्या आठवड्यात, तिचा फोन आला. "मावशी, शाळा बंद व्हायच्या आत ये. मुलांना माझी खरी मावशी दाखवायची आहे."

भावजी गाडी चालवत होते, ताई शेजारी, मी मागे. डॅलसचे उड्डाणपुलांचे भेंडोळे सुटले आणि आम्ही २८७ क्रमांकाच्या हमरस्त्याला लागलो. डीकेटर मागे पडले, बोई मागे पडले. हळूहळू घरे विरळ होत गेली आणि आकाश मोठे होत गेले. मला वाटले होते की परक्या मुलखात सगळेच परके असेल. पण रस्त्याच्या कडेला एक काटेरी, पोपटी झुडूप सारखे दिसू लागले. मी भावजींना म्हटले, "ही तर आपली वेडी बाभूळ!" ते म्हणाले, "इथे मेस्किट म्हणतात." खरोखरच दोन्ही एकाच कुळातल्या. आपल्याकडे सोलापूर-नगरच्या बाजूला माजलेली वेडी बाभूळ मूळची अमेरिका खंडातलीच. माहेरची ओळख पटावी तसे मला झाले.

वाटेत विचिटा फॉल्स नावाचे शहर लागते. नाव धबधब्याचे, पण लोक थांबतात ते तिथल्या एका इमारतीसाठी. चार मजल्यांची, ४० फूट उंचीची, जिन्याएवढी अरुंद. १९१९ साली ती उभी राहिली. तेव्हा इथे नुकतेच तेल सापडले होते आणि पैसा वाहत होता. एका बिल्डराने गगनचुंबी इमारतीचा आराखडा दाखवून दोन लाख डॉलर गोळा केले. आराखड्यावर उंची ४८० लिहिली होती. लोकांनी ते फूट समजून पैसे दिले. होते मात्र इंच! अशी ही गोष्ट सांगतात. 'जगातली सर्वांत बुटकी गगनचुंबी इमारत' म्हणून आज ते तिचे कौतुक करतात. मी हसले, आणि मग ते कागदावरचे आकडे दिवसभर माझ्या डोक्यात राहिले.

तिथे एका दुकानात पाणी घ्यायला उतरलो. दारावर इंग्रजी आणि स्पॅनिश अशा दोन भाषांत मोठ्या अक्षरांची पाटी होती. आपल्याकडे 'चपला बाहेर काढाव्यात' असते, तशी ही 'पिस्तूल आत आणू नये' अशा अर्थाची. टेक्ससमध्ये २०२१ पासून २१ वर्षांवरील बहुतेकांना परवान्यावाचूनही पिस्तूल बाळगता येते, म्हणून ज्याला ते नको असेल त्याने पाटी लावायची. आपल्याकडे १९५९चा हत्यारांचा कायदा आहे. एका परवान्यासाठी माणसाच्या चपला झिजतात. मी त्या पाटीचे छायाचित्र घेऊ लागले तेव्हा ताई म्हणाली, "चल गं, लोक बघताहेत."

पुढे इलेक्ट्रा लागले. वॅगनर नावाच्या प्रचंड कुरणवाल्या घराण्यातल्या मुलीचे नाव या गावाला दिलेले आहे. शेताशेतांतून तेलाचे पंप घोड्यासारखी मान खालीवर करीत होते. गहू पिकून सोनेरी झाला होता. क्षितिजावर पवनचक्क्या. त्यानंतर हॅरॉल्ड. भावजी म्हणाले, "हेच ते," आणि गाडीचा वेग कमी केला. मी पाहीपर्यंत गाव संपलेसुद्धा.

हॅरॉल्डची वस्ती दोन-तीनशेंची. शाळा एकच, बालवर्गापासून बारावीपर्यंत, मुले शंभराच्या आसपास. पण हे नाव साऱ्या अमेरिकेत गाजले. २००६ साली पेनसिल्व्हेनियातल्या आमिश लोकांच्या छोट्या शाळेत एका माणसाने पाच मुलींना ठार केले. २००७च्या एप्रिलमध्ये व्हर्जिनिया टेक विद्यापीठात ३२ माणसे मारली गेली. त्याच वर्षी हॅरॉल्डच्या शाळामंडळाने ठराव केला की निवडक शिक्षकांनी व कर्मचाऱ्यांनी अंगावर पिस्तूल बाळगावे. ऑगस्ट २००८ मध्ये ही बातमी बाहेर फुटली आणि बातमीदारांच्या गाड्या या माळावर येऊन थडकल्या. टेक्ससच्या कायद्याने शाळेत हत्यार आणणे हा गुन्हाच आहे, पण शाळेने लेखी परवानगी दिली असेल तर तो नाही. या पळवाटेला हॅरॉल्डने वहिवाट केले. नियम असे: परवाना हवा, शिक्षण हवे, मंडळाची मंजुरी हवी, आणि गोळी अशी हवी की भिंतीवर आपटून उलट फिरणार नाही. कोणाकडे पिस्तूल आहे हे मात्र गुप्त. 'गार्डियन प्लॅन' म्हणून ही पद्धत पुढे टेक्ससच्या कितीतरी शाळांनी उचलली.

पुण्यात बसून हे वाचले असते तर मी कपाळाला हात लावला असता. पण त्या रस्त्यावर गाडीत बसून मी मैल मोजत होते. हॅरॉल्डहून शेरीफची कचेरी व्हर्ननला, पंधराएक मैलांवर. एखाद्या रात्री चोर आला तर? मुलाला साप चावला तर? माझ्या कॉलेजच्या फाटकापासून पोलीस चौकी हाकेच्या अंतरावर आहे. मत बनवायला तेवढे अंतर फार सोयीचे असते.

भाचीच्या गावी पोहोचलो तेव्हा दुपार टळली होती. तिने पोहे केले होते, त्यांत ओले खोबरे नव्हते, पण प्रेम होते. दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेत गेलो.

लाल विटांची, बैठी, साधी शाळा. झेंडा, पिवळ्या बसगाड्या, एक मोठे झाड. आणि फाटकाशी पाटी. या शाळेतील काही कर्मचारी सशस्त्र आहेत आणि विद्यार्थ्यांच्या रक्षणासाठी ते बळाचा वापर करू शकतात, असा तिचा मथितार्थ. मुख्य दार कुलूपबंद. घंटी वाजवली, कॅमेऱ्यात तोंड दाखवले, पासपोर्ट यंत्राखाली धरला, तेव्हा छातीवर चिकटवायला माझे छायाचित्र असलेली चिठ्ठी मिळाली. प्रत्येक दारावर बाहेरून मोठा आकडा रंगवलेला. मी विचारले तर भाची म्हणाली, "पोलिसांना बाहेरून कळावं म्हणून."

वर्ग मात्र वर्गासारखाच होता. भिंतीवर गुणाकाराचे तक्ते, खिडकीत कुंडीत लावलेले घेवड्याचे वेल, नावांच्या रंगीत पट्ट्या. तेवीस मुले. मी त्यांची नावे देवनागरीत लिहून दिली तेव्हा जो गोंधळ झाला, तो पाहून मला आपली कुठलीही चौथी आठवावी. अक्षरांच्या डोक्यावरची रेघ त्यांना फार आवडली. एकाने विचारले, "ही अक्षरं दोरीवर वाळत घातली आहेत का?" बावीस वर्षे भाषा शिकवून मला ही उपमा सुचली नव्हती.

कपाटाच्या वरच्या खणात लॉलीपॉपची पिशवी होती. मला वाटले, शहाण्या मुलांसाठी बक्षीस. मधल्या सुट्टीत भाची म्हणाली, "नाही मावशी, ते कवायतीसाठी." अमेरिकेतल्या शाळांत जशी आगीची कवायत होते तशी आणखी एक होते. दार लावायचे, दिवे घालवायचे, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात सगळ्यांनी दाटीवाटीने बसायचे आणि अजिबात आवाज करायचा नाही. नऊ वर्षांची तेवीस मुले गप्प कशी राहणार? तोंडात लॉलीपॉप दिले की राहतात. आपणही लहानपणी 'हाताची घडी, तोंडावर बोट' केले आहे. बाई वर्गाबाहेर जाऊन येईपर्यंतची ती शांतता. इथे त्याच शांततेची तालीम मृत्यू दाराबाहेर उभा आहे असे समजून करायची. मी ती पिशवी होती तशी ठेवून दिली.

निघताना मुलांनी मला मिठ्या मारल्या आणि मग सवयीने त्यांच्या बाईंनाही. मुलांची डोकी तिच्या कमरेला लागत होती. ते दृश्य तेव्हा मी नुसते पाहिले. त्याचा अर्थ रात्री कळला.

रात्री जेवणे झाली, भावजी झोपायला गेले. आम्ही तिघी टेबलाशी बसून राहिलो. भाचीने सांगितले की सुपरिंटेंडेंटनी तिला बोलावून घेतले होते. सक्ती नाही, पण तिची तयारी असेल तर उन्हाळ्यात शिक्षण घ्यावे आणि नव्या वर्षापासून पिस्तूल बाळगावे. उत्तर पंधरा दिवसांत द्यायचे होते.

ताईने ताडकन सांगितले, "नोकरी सोड. डॅलसला ये."

"मी सोडली तर दुसरी कुणीतरी येईल, आई. मुलं हीच राहतील."

मी म्हटले, "शिक्षकाच्या हातात खडू शोभतो गं."

ती माझ्याकडे पाहून शांतपणे म्हणाली, "मावशी, सत्त्याहत्तर मिनिटं."

ती युवाल्डीबद्दल बोलत होती. २४ मे २०२२. याच राज्यात, दक्षिणेला, रॉब प्राथमिक शाळेत एक अठरा वर्षांचा मुलगा रायफल घेऊन शिरला. चौथीची १९ मुले आणि दोन शिक्षिका मारल्या गेल्या. हळूहळू ३७६ पोलीस तिथे जमले, आणि तरी त्या वर्गाचे दार उघडून त्याला गाठायला ७७ मिनिटे लागली. "पोलीस येतील, असं मुलांना कोणत्या तोंडाने सांगू?" भाचीने विचारले. "२०२३ पासून प्रत्येक शाळेत एक सशस्त्र माणूस हवा, असा कायदा झाला. त्यासाठी राज्याने तेव्हा दिले शाळेमागे वर्षाला १५,००० डॉलर आणि विद्यार्थ्यामागे १०. एवढ्यात पोलीस येतो का कामाला? म्हणून आम्हाला विचारतात."

मी मग माझ्याजवळचे सांगितले. खूप वर्षांपूर्वी, नोकरीच्या सुरुवातीला, मी परीक्षेच्या वेळी एका मुलाला कॉपी करताना धरले. त्याने खिशातून चाकू काढला आणि बाकावर ठेवला. उगारला नाही, नुसता ठेवला. माझे पाय लटपटत होते. तोंडातून कसेबसे शब्द निघाले, "बस खाली. पेपर पुरा कर." आणि तो बसला. आज तो मुलगा कुठेतरी मुलाबाळांत असेल. "त्या दिवशी माझ्या पर्समध्ये पिस्तूल असते," मी म्हटले, "तर माझा हात तिकडे गेला असता. मी शूर नव्हते म्हणून नव्हे, घाबरले होते म्हणून गेला असता. आणि मग तो खाली बसला नसता."

भाची थोडा वेळ गप्प राहिली. "पण मावशी, त्याच्याकडे चाकू होता. रायफल असती तर?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. रायफल घेऊन आलेल्याला 'बस खाली' म्हणून भागत नाही, हे मला कबूल केले पाहिजे.

पण त्या रात्री आणि नंतर मी जे वाचले, त्याने माझी शंका कमी झाली नाही. फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १४ फेब्रुवारी २०१८ रोजी १७ जण मारले गेले, तेव्हा शाळेवर नेमलेला सशस्त्र डेप्युटी इमारतीबाहेरच थांबून राहिला. ज्यांचा धंदाच हत्याराचा, त्यांचे पाय युवाल्डीत आणि पार्कलंडमध्ये अडखळले. मग गुणाकार शिकवणाऱ्या बाईंकडून काय अपेक्षा करायची? टेक्ससमध्ये 'स्कूल मार्शल' होण्यासाठी ८० तासांचे शिक्षण लागते. ओहायोत २०२२ साली ७०० तासांवरची अट २४ तासांवर आणली. फ्लोरिडाने १४४ तास ठरवले. एकाच धोक्याला तीन राज्यांत तीन मापे! मला विचिटा फॉल्सची ती इमारत आठवली. कागदावर आकडा मोठा दिसतो. फूट आहेत की इंच, ते वेळ आल्यावर कळते. आणि वेळ न येताही अपघात होतात. २०१८ सालीच कॅलिफोर्नियात, वर्गात बंदुकीच्या सुरक्षिततेचे धडे देताना एका शिक्षकाच्याच पिस्तुलातून गोळी सुटली होती.

शिक्षकांना स्वतःला काय वाटते? रँड या संशोधन संस्थेने २०२३ मध्ये विचारले. ५४ टक्के म्हणाले, याने शाळा अधिक असुरक्षित होतील. २० टक्के म्हणाले, अधिक सुरक्षित होतील. उरलेल्या २६ टक्क्यांना काही फरक पडेलसे वाटले नाही. म्हणजे माझी भाची ज्या दोलायमान अवस्थेत होती, तिच्यात तिचा सारा व्यवसाय होता.

आणखी एक गोष्ट मला सारखी टोचत राहिली. युवाल्डीचा तो मुलगा एके काळी त्याच शाळेत चौथीत होता. शाळांवर हल्ला करणारे पुष्कळदा त्याच शाळेचे आजी-माजी विद्यार्थी असतात. २०१९ सालच्या अमेरिकन सीक्रेट सर्व्हिसच्या अहवालाप्रमाणे बंदूक वापरणाऱ्या अशा हल्लेखोरांपैकी सुमारे तीन-चतुर्थांशांनी ती आईबापांच्या किंवा जवळच्या नातेवाइकांच्या घरातून मिळवलेली होती. म्हणजे कुलूप आधी घरच्या कपाटाला हवे. आणि वर्गातल्या बाईंनी पिस्तूल रोखायचे ते कुणावर? ज्याची वही तिने तपासली, ज्याला रेघ मारायला शिकवले, बहुधा त्याच्यावरच.

भाची उठली, स्वयंपाकघराच्या कट्ट्याला टेकून उभी राहिली आणि म्हणाली, "तुम्हाला खरं सांगू? मला गोळी मारायची भीती नाही वाटत. म्हणजे वाटते, पण ती नंतरची. मला रोजची भीती वाटते. पिस्तूल कमरेला लावायचं. मुलं मिठी मारतात तीही कमरेला. मग मी काय करू? त्यांना दूर ठेवू? 'आजपासून बाईंना मिठी मारायची नाही' असं सांगू? आणि का ते सांगता येणार नाही!"

ताईने डोळ्यांना पदर लावला. अमेरिकेत तीस वर्षे राहून तिने पदर सोडला आहे, पण हात जातो तो तिथेच.

मी विचारले, "तुझ्या वर्गाचं दार आतून लागतं?"

ती जरा ओशाळली. कुलूप कधी लागते, कधी लागत नाही. दोनदा सांगून झाले होते. मी सकाळी ते दार पाहिले होते. आडगावच्या शाळेत दुरुस्तीला माणूस मिळत नाही, हे जगभर सारखेच. पण युवाल्डीच्या चौकशीत टेक्ससच्या विधिमंडळ समितीने २०२२ मध्ये नेमके हेच नोंदवले आहे. १११ क्रमांकाच्या वर्गाचे कुलूप नादुरुस्त असल्याचे शाळेत माहीत होते, आणि दुरुस्तीची मागणी कागदावर गेलीच नव्हती.

"मग पिस्तुलाचं उत्तर पंधरा दिवसांनी दे," मी म्हटले. "कुलपाचा अर्ज उद्या दे. लेखी दे, आणि पोच घे." सरकारी अनुदानावरच्या कॉलेजात इतकी वर्षे काढल्यावर माणसाजवळ देण्यासारखे एवढेच शहाणपण उरते!

ती हसली. त्या रात्री पहिल्यांदाच.

दुसऱ्या दिवशी निघालो. माझे मत तिला मी एकदाच स्पष्ट सांगितले आणि इथेही सांगते. शिक्षकाने वर्गात हत्यार बाळगू नये. त्याच्या कमरेला पिस्तूल आले की त्याचा एक डोळा कायम दाराकडे आणि एक हात कायम कमरेजवळ राहणार. मग मुलांसाठी उरला अर्धा शिक्षक. संकट एखाद्या शाळेवर एखादे दिवशी येते; तो अर्धा शिक्षक मात्र सगळ्या शाळांत रोज येईल. पण हे मत घेऊन मी ज्या शहरात परतणार होते, तिथे लॉलीपॉपची ती पिशवी कुठल्याच कपाटात नाही. म्हणून 'नाही म्हण' असे तिला मी सांगितले नाही. माझे मत मला फुकट पडते. तिला त्याची किंमत द्यावी लागली, तर ती तेवीस मुलांच्या वर्गात द्यावी लागेल.

गाडीत बसण्यापूर्वी तिने मला मिठी मारली. माझा हात तिच्या कमरेवर गेला आणि का कोण जाणे, क्षणभर तिथेच थबकला. तिलाही ते कळले असावे. "अजून नाही गं, मावशी," ती कानाशी म्हणाली. परतीच्या वाटेवर हॅरॉल्ड केव्हा आले आणि गेले ते मला समजले नाही. बाहेर वेडी बाभूळ मात्र मैलोन्‌मैल सोबत होती.

गणपतीत तिचा फोन आला. तिकडे नवे वर्ष सुरू झाले होते. चौथीत या वेळी एकवीस मुले आहेत, त्यांतली दोन जुळी आहेत, घेवडा पुन्हा लावला आहे. मग म्हणाली, "मावशी, कुलूप बसलं. आतून नीट लागतं. तीन अर्ज द्यावे लागले."

दुसऱ्या गोष्टीबद्दल ती काही बोलली नाही. कोण बाळगते आणि कोण नाही, हे कोणाला सांगायचे नाही असा नियमच आहे, घरच्या माणसांनाही. मीही विचारले नाही. एवढेच विचारले, "मुलं मिठी मारतात का गं अजून?"

"मारतात की," ती म्हणाली, आणि पलीकडे घंटा झाली म्हणून तिने फोन ठेवला.